मुलगा गेममधले शर्ट विकतो, याला करिअर म्हणायचं का?

नमस्कार ताई, तुमचं पत्र मिळालं. बाकी पालकांनाही विषय कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही सातारा जिल्ह्यात राहता, घरी ब्लाउज शिवता, मुलगा नववीत आहे. गुगल प्लेचा हिशोब बघितल्यावर कळलं की तीन महिन्यांत ६,८४० रुपये गेलेत, थोडे बीजीएमआय या बंदुकांच्या मोबाईल गेममधल्या यूसी नावाच्या पैशांवर आणि बाकीचे रोब्लॉक्स या गेममधल्या रोबक्स नावाच्या पैशांवर. रागावलात तर तो म्हणाला "मी कमावतोय पण", आणि रोब्लॉक्समधल्या पात्रांसाठी त्याने स्वतः बनवलेले शर्ट विकून आलेले २,३०० रोबक्स दाखवले. त्यात पुण्यातला इंजिनिअरिंगवाला मावसभाऊ सांगतोय की काउंटर स्ट्राइक या गेममधल्या स्किन, म्हणजे बंदुकांवर चढवायची रंगीत सजावट, घेऊन ठेव, शेअर मार्केटसारखंच आहे. यजमान म्हणतात कमावतोय ना, मग राहू दे, आणि तुम्हाला वाटतंय मोबाईलच काढून घ्यावा. शिवाय यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा द्यायची की नको, तेही विचारलंय.

मोबाईल लगेच काढून घेऊ नका. पण यजमानांचंही मला पटलेलं नाही, कारण "कमावतोय" हे जे आहे ते जरा कागदावर मांडून बघायला हवं, आणि ते मुलाला शेजारी बसवूनच मांडा, त्याच्या हातात कॅल्क्युलेटर द्या.

रोब्लॉक्समधून खरे पैसे बाहेर काढायचे तर त्यांची डेव्हलपर एक्स्चेंज नावाची सोय आहे. त्यासाठी वय १३ पूर्ण लागतं, ओळखपत्र लागतं, अमेरिकेचा टॅक्स फॉर्म भरावा लागतो, आणि मुख्य म्हणजे निदान ३०,००० कमावलेले रोबक्स लागतात. कमावलेले म्हणजे कमावलेलेच, विकत घेतलेले त्यात धरत नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून दर आहे एका रोबक्सला ०.००३८ डॉलर. म्हणजे ३०,००० चे झाले ११४ डॉलर, आपले साधारण दहा हजार रुपये. तुमच्या मुलाकडचे २,३०० त्याच दराने पावणेनऊ डॉलरच्या आसपास जातात, जेमतेम आठशे रुपये होतात, आणि तेही आत्ता बाहेर काढता येत नाहीत कारण तीस हजारांचा उंबरठा लांब आहे. आता उलटं बघा, तोच रोबक्स विकत घेताना मोबाईल ॲपमध्ये ४०० रोबक्सला अमेरिकेतली किंमत ४.९९ डॉलर, म्हणजे शंभर रोबक्स घ्यायला सव्वा डॉलर द्यायचा आणि कमावलेले शंभर कंपनीला परत दिले तर ३८ सेंट मिळणार. दुकान त्यांचं, नाणं त्यांचं आणि दोन्ही बाजूंचा भावही तेच ठरवतात, हे मुलाने स्वतःच्या बोटांनी मोजून बघितलं ना की तुम्हाला वेगळं लेक्चर द्यावं लागणार नाही.

शर्टाचंही गणित करा. साधा शर्ट विकला की किमतीच्या ७० टक्के बनवणाऱ्याला मिळतात. दहा रोबक्सचा शर्ट असेल तर सात. तीस हजार गाठायचे तर असे सव्वाचार हजारांवर शर्ट विकले पाहिजेत, शिवाय प्रत्येक शर्ट अपलोड करायला दहा रोबक्स फी आधीच गेलेली. विकण्यासाठी सबस्क्रिप्शन वगैरेच्या अटी आहेत त्या वेगळ्या, आणि त्या बदलत असतात. टोप्या, केस, पंख असल्या थ्रीडी वस्तू २०१९ पासून बाहेरच्या लोकांनाही बनवून विकता येतात, पण त्यात बनवणाऱ्याचा वाटा ३० टक्केच. जगात काही पोरं यातून चांगले पैसे काढतात हे खरं आहे, पण नववीतल्या मुलाने त्यावर वहीपुस्तकांचा खर्च काढायचं स्वप्न धरलं तरी मी म्हणेन जरा दमाने घे.

मग मोबाईल काढून का नको घेऊ, असं विचाराल.

कारण ताई, तो शर्ट. तुम्ही पत्रासोबत त्याच्या एका शर्टाचा फोटो पाठवलात, तो मी मोठा करून बघितला. रोब्लॉक्सचा शर्ट म्हणजे ५८५ बाय ५५९ पिक्सेलचं एक सपाट चित्र असतं, त्यात पुढचा भाग १२८ बाय १२८ चा चौकोन, पाठ तेवढीच, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ६४ रुंदीच्या, बाह्यांचेही तसेच उभे तुकडे, आणि ते सगळं गेममध्ये ठोकळ्यासारख्या अंगावर गुंडाळलं जातं. तुम्ही कटिंग करता तेच हे, फक्त कापड नाही. तुमच्या मुलाने काठपदराची किनार छातीवरून काखेत नेऊन पाठीला जुळवलीय आणि बाहीवरची पट्टी अंगाच्या पट्टीशी एका रेषेत येते. बघायला सोपं वाटतं, पण हे जुळवताना भल्याभल्यांचं डोकं फिरतं, कारण सपाट चित्रात शेजारी दिसणारे तुकडे अंगावर शेजारी येतीलच असं नसतं. हे त्याला कोणी शिकवलं नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तुमच्या मशीनशेजारी बसून बघितलंय त्याने.

तर माझ्या मते तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात आणि तुम्ही सगळे त्यांना एकच समजताय. एक, मुलगा वस्तू बनवतोय. दुसरं, मुलगा वस्तू घेतोय आणि आता घेऊन-विकून पैसे करायचं म्हणतोय. पहिल्याला हात लावू नका, उलट पाणी घाला. दुसऱ्याला मात्र कुंपण हवं, आणि मावसभावाच्या सल्ल्याला तर सरळ नकार.

मावसभावाचं म्हणणं नीट बघू. काउंटर स्ट्राइकमध्ये २०१३ पासून बंदुकांच्या स्किन आहेत. केस नावाची बंद पेटी असते, ती उघडायला अडीच डॉलरच्या आसपास किंमतीची चावी घ्यायची आणि आतून काय निघेल ते नशीब. चीनमध्ये नियमामुळे २०१७ साली या पेट्यांचे आकडे जाहीर करावे लागले, त्यात सगळ्यात भारी वस्तू, म्हणजे पोरं जिच्यासाठी जीव टाकतात ती नाईफ (गेममधला चाकू), निघण्याची शक्यता ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. नुसत्या चाव्यांचा खर्च नऊशे डॉलरच्या वर, आपले ऐंशी हजारांपेक्षा जास्त, आणि साधी नाईफ बाजारात त्याच्या कितीतरी खाली मिळते. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या विकतच्या बंद पेट्यांना जुगारच ठरवलं.

"पेटी नको उघडू, तयार स्किन घे आणि भाव वाढला की विक" असं तो म्हणेल. ठीक. स्टीम म्हणजे हा गेम जिथून घेतात ते ऑनलाइन दुकान, त्याच्या बाजारात विकली की १५ टक्के कापून पैसे स्टीम वॉलेटमध्ये येतात आणि ते बँकेत काढताच येत नाहीत, त्यातून गेमच घ्यायचे. मग पोरं बाहेरच्या साइटवर जातात, तिथे खोटं लॉगिन पान, मधल्यामध्ये बदललेला ट्रेड म्हणजे अदलाबदलीचा व्यवहार, असले सगळे प्रकार चालतात. आणि भावाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने एक नियम बदलला, पाच लाल दर्जाच्या (नाईफच्या खालोखाल दुर्मिळ) स्किन देऊन नाईफ किंवा ग्लोव्हज मिळतील असं केलं, आणि एका रात्रीत नाईफचे भाव धडाधड कोसळले. शेअर मार्केटला निदान सेबी तरी आहे, कंपनीचा ताळेबंद आहे. इथे गेम बनवणाऱ्याने सकाळी चहा पिता पिता ठरवलं की तुमची पुंजी अर्धी. स्किन लावून पैज खेळायच्या ज्या साइट्स आहेत त्यांचं तर नावच नको, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने आपल्याकडे पैसे किंवा पैशात बदलता येणाऱ्या व्हर्च्युअल वस्तू लावून खेळायला बंदीच आहे, त्यात कौशल्य असो की नशीब.

यूसीचं बोलू. तुम्ही लिहिलंय "नुसत्या रंगीत कपड्यांना पैसे कोण देतं". पोरं देतात ताई. ग्रुपमध्ये साधे कपडे घालून खेळणाऱ्याला बाकीचे "बॉट" (कॉम्प्युटर चालवतो तो बाहुला) म्हणून चिडवतात, मग नववीतल्या पोराला ते लागतं, आपल्या वेळी चपलेवरून चिडवायचे तसंच. म्हणून "मूर्खपणा आहे" असं म्हणून विषय संपत नाही. महिन्याला किती ते ठरवा, दीडशे, दोनशे, तुमच्या घराला झेपेल ते, आणि तेवढ्याचाच प्लेचा रिचार्ज कोड आणून द्या. तुमचं यूपीआय आणि कार्ड त्या फोनवरून काढून टाका, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल अशी सेटिंग करा. यापुढे असं काही झालं तर ४८ तासांच्या आत प्लेवर रिफंड मागता येतो, उशीर केला की अवघड होतं. झालेले ६,८४० गेले असं समजा. त्यावरून रोज टोमणे मारू नका, पण ते कसे फेडणार हे त्यालाच ठरवू द्या, सुट्टीत तुमच्या ऑर्डरींचे फोटो काढून स्टेटसला टाकायचं काम दिलंत तरी चालेल.

आता करिअर. गेममधले कपडे, शस्त्रं, चेहरे बनवणं हे खरोखरचं काम आहे, स्टुडिओत त्याला कॅरेक्टर आर्टिस्ट, टेक्स्चर आर्टिस्ट, प्रॉप मॉडेलर असली नावं आहेत. पुण्यातच युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, २०२० साली आलेला 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा गेम पुण्यातल्याच छोट्या टीमने बनवला, तोही मुलाला दाखवा, त्यातले कपडे दागिने बघून त्याचे डोळे चमकतील. हे क्षेत्र फार सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. स्टुडिओ बंद होतात, सुरुवातीचा पगार इंजिनिअरिंगवाल्या भावापेक्षा कमी असू शकतो, आणि कामाचे तास विचारू नका. पण हातात कला असेल तर ती जाहिरात, ॲनिमेशन, टेक्सटाईल, कपड्यांच्या डिजिटल डिझाइनमध्येही चालते, म्हणून मी एका गेमवर अवलंबून राहू नका म्हणतो, कलेवर अवलंबून राहा.

त्यामुळे इंटरमिजिएट द्यायचीच. त्याआधीची एलिमेंटरी परीक्षा झालीय म्हणता तर ही सोडणं म्हणजे घरात आलेलं परत पाठवणं झालं, ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात तो फायदा आहेच, पण खरा फायदा स्थिरचित्र आणि संकल्पचित्र करताना हात बसतो त्याचा. बारावीनंतर डिझाइनला जायचं तर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी परीक्षा आहे, यूसीड कोणत्याही शाखेच्या बारावीवर देता येते आणि त्यात हाताने चित्र काढायचा भाग असतोच. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी चित्रकलेची पदवीही करता येते. लाखो रुपये घेऊन "गेमिंग डिप्लोमा" देणारे क्लास सध्या गल्लोगल्ली निघालेत, दहावीच्या आधी त्यातल्या कुठेही पैसे भरू नका, शिकवणारा कोणत्या गेमवर काम करून आलाय हे विचारल्याशिवाय तर नंतरही नको.

आत्ता काय करायचं तर ब्लेंडर नावाचं थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरी कॉम्प्युटर नसेल तर शाळेच्या लॅबमध्ये शनिवारी बसू देतात का बघा, सरांना मी चिठ्ठी द्यायला तयार आहे. त्याला सांगा, पहिलं काम म्हणून आईचं शिवणयंत्र थ्रीडीत बनव, चाक, सुई, बॉबिनची डबी सकट. शर्ट बनवणं चालू ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येक शर्टाचं सपाट चित्र, गेममधला पुढून-मागून फोटो आणि काय बदललं याच्या दोन ओळी एका फोल्डरमध्ये जपून ठेवायला सांगा. किती विकले गेले तो आकडा कॉलेजवाले विचारणार नाहीत, हे फोल्डर मात्र उघडून बघतील.

आणि पुढेमागे खरंच कमाई झाली तर घाबरू नका, मुलाच्या स्वतःच्या कौशल्याच्या कमाईला आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ती त्याची वेगळी धरली जाते. तेव्हा सीएला विचारून घ्या, आत्ता त्याची चिंता नको.

ता.क. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मित्राने मुलाचा बीजीएमआयचा आयडी, म्हणजे गेमचं अकाउंट, चार हजाराला मागितलाय. विकू देऊ नका. अकाउंट विकणं गेमच्या नियमात बसत नाही, आणि असल्या व्यवहारात एकाने ओटीपी दिला की पैसे येत नाहीत किंवा पैसे आले की जुना मालक ईमेलवरून आयडी परत ओढून घेतो, मग भांडण शाळेपर्यंत येतं. त्या आयडीला तुमचा नंबर जोडलेला असेल तर आजच बघून घ्या.