वाचक विचारतात : पाठीवर बॅग घेऊन येणारा पाहुणा आणि आपली लेणी

थंडीचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत परदेशी पाहुण्यांचा विषय हमखास असतो. मुलाचा सहकारी, मुलीची वर्गमैत्रीण किंवा जुन्या शेजाऱ्यांचा परदेशात वाढलेला नातू भारतात येणार असतो, त्याला कमी खर्चात, एसटी आणि रेल्वेने फिरायचे असते, आणि त्याच्या प्रवासाची आखणी करण्याचे काम आपल्या वाचकांवर येते. या वेळी अशाच चार पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या मुलाचे दोन परदेशी सहकारी जानेवारीत मुंबईत उतरणार आहेत. दोघेही तिशीच्या आतले असून खर्च बेताचा आहे, गाडी भाड्याने घ्यायची त्यांची तयारी नाही आणि हातात नऊ-दहा दिवस आहेत. त्यांना मुख्यतः लेणी पाहायची आहेत. मी वेरूळपासून सुरुवात करायला सुचवले आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वेरूळ अवश्य दाखवावे, पण सुरुवात तेथून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले कैलास लेणे पहिल्याच दिवशी पाहिले की त्यानंतरचे प्रत्येक लेणे लहान वाटू लागते, आणि ज्या लहान लेण्यांतून ही कला वाढत गेली त्यांच्याकडे पाहण्याची उत्सुकताच उरत नाही. आपल्या पाहुण्यांकडे गाडी नाही, पण वेळ आहे, आणि लेणी समजून घ्यायला वेळच लागतो. म्हणून ज्या क्रमाने ती कोरली गेली, साधारण त्याच क्रमाने ती पाहावीत. सुदैवाने मुंबई-पुण्याकडून मराठवाड्याकडे जाणारी वाटही त्याच क्रमाची आहे.

पहिला मुक्काम लोणावळ्याला किंवा पुण्यात करून लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. स्थानकाच्या एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले आहे. भाज्यापर्यंत चालत सहज जाता येते. तेथील चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आहे. त्याच्या खांबांकडे पाहुण्यांचे लक्ष आवर्जून वेधावे, कारण ते सरळ उभे नाहीत, वरच्या अंगाने आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते रोवतात. अखंड कातळात त्याची काहीच गरज नसते, तरीही कोरणाऱ्यांनी अंगवळणी पडलेली सुतारकामाची रीत दगडात जशीच्या तशी उतरवली. छताला लाकडी कमानी आहेत आणि दर्शनी भागात लाकडी काम बसवण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचा सगळा प्रवास उलगडत जातो, असा आमचा अनुभव आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे आणि भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे. येथेही छताला जुन्या सागवानी कमानी आहेत, मात्र खांब आता सरळ झाले आहेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी आली आहेत. परदेशी पाहुण्यांना येथे सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत ते खांब दान देणाऱ्यांची नावे कोरलेली असून त्यांत धेनुकाकट या गावच्या यवनांचीही, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांचीही, नावे आहेत. दर्शनी बाजूच्या लेखात वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह (कातळात कोरलेले घर) जंबुद्वीपात, म्हणजे भारतभूमीत, उत्तम असल्याचे नोंदवले आहे. एकाच लेण्याला वेगवेगळ्या गावांच्या आणि समाजांच्या लोकांनी हातभार लावल्याचा इतका ठळक पुरावा पाहुण्यांना क्वचितच दुसरीकडे मिळेल, तेव्हा तेथे घाई करू नये. रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत लेण्याशेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनासाठी पायऱ्यांवर मोठी गर्दी असते, त्यामुळे मधला वार निवडावा. लेण्याचे तोंड पश्चिमेला असल्याने दुपारनंतर आत उजेडही चांगला येतो, म्हणून सकाळी भाजे आणि दुपारी कार्ले असा बेत करावा.

तेथून पुण्यामार्गे छत्रपती संभाजीनगर गाठावे. एसटीने पाच-सहा तास लागतात. पाहुण्यांजवळच्या जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत शहराचे नाव औरंगाबाद असेच असेल, तर स्थानकावरच्या पाट्यांवर आता नवे नाव आहे. ही माहिती त्यांना आधीच दिलेली बरी. त्याचप्रमाणे एसटीच्या पाट्या मराठीत असतात आणि त्यांवर ‘वेरूळ’ असेच लिहिलेले असते. पाहुणे मात्र ‘एलोरा’ शोधत फलाटावर उभे राहतात. म्हणून मळवली, वेरूळ, फर्दापूर, जळगाव ही नावे एका कागदावर ठळक देवनागरीत लिहून द्यावीत. तो कागद वाहकाला दाखवला की पुढची काळजी बहुधा वाहकच घेतो.

अजिंठ्याला जाताना एक चूक फार जणांकडून होते. अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी ही दोन वेगळी ठिकाणे असून गाव लेण्यांच्या बरेच अलीकडे लागते. जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसून गावात न उतरता पुढे फर्दापूरजवळच्या लेण्यांच्या फाट्यावर उतरावे. खासगी वाहने तेथेच थांबतात आणि शेवटचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. लेण्यांत शिरल्यावर प्रथम ९ आणि १० क्रमांकांची लेणी पाहावीत, कारण ती भाजे-कार्ल्याच्या काळाला जवळची आहेत. मग १९ आणि २६ क्रमांकांची, पाचव्या शतकातली चैत्यगृहे पाहावीत. भाज्याला लाकडाच्या असलेल्या त्याच कमानी येथे दगडातून कोरलेल्या आहेत. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी ठेवावीत. आत उजेड बेताचा असतो, फ्लॅश वापरण्यास बंदी आहे, पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि गर्दी असेल तर माणसे थोडी थोडी करून सोडतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर पाच मिनिटे नुसते उभे राहिले की डोळे अंधाराला सरावतात आणि मुकुटातले बारीक काम, हातातले निळे कमळ, खाली झुकलेली नजर एकेक करून दिसू लागते. आत शिरताच मोबाइल वर धरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

त्यानंतर वेरूळ. तेथे ३४ लेणी असून बौद्ध, हिंदू आणि जैन अशी तिन्ही परंपरांची लेणी एकाच डोंगराच्या कड्यात आहेत. १० क्रमांकाच्या लेण्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात. त्याच्या छताकडे पाहिल्यावर भाज्यापासून सोबत आलेल्या कमानी पाहुणे स्वतःच ओळखतील. कैलास त्यानंतर पाहावे. वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर लाकडी घराच्या नकलेपासून किती पुढे गेले आहे, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

वारांचा हिशेब मात्र काटेकोर ठेवावा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री शहरात पोहोचणाऱ्याने सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा पाहावे, मग क्रम थोडा मोडला तरी हरकत नाही. पुढे रेल्वेने उत्तर भारतात जायचे असेल तर अजिंठा शेवटी ठेवणेच सोयीचे पडते, कारण तेथून जळगाव साठ किलोमीटरच्या आसपास आहे. मोठी बॅग लेण्यांजवळच्या सामानघरात ठेवून दिवसभर लेणी पाहावीत आणि संध्याकाळी थेट जळगाव स्थानक गाठावे. मुंबईत एखादा दिवस मोकळा मिळाला तर बोरिवलीहून कान्हेरीला किंवा गेटवेवरून बोटीने घारापुरीला जाता येईल, फक्त सोमवार टाळावा.

प्रश्न : एका परदेशी मित्राला आम्ही चार दिवस घरीच ठेवून घेणार आहोत. त्याला पूर्वी एका शहरात दोन लॉजनी खोली नाकारली होती. असे का होते? आणि घरी ठेवण्यासाठी काही नोंद करावी लागते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, नोंद करावी लागते, आणि बहुतेक घरांत ही गोष्ट माहीतच नसते. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्या प्रत्येकाने, मग ते हॉटेल असो, धर्मशाळा असो की खासगी घर, त्याच्या आगमनानंतर २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला माहिती द्यायची असते. ‘सी फॉर्म’ या जुन्या नावाने ही नोंद ओळखली जाते आणि ती ऑनलाइन करता येते. त्यासाठी पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि छायाचित्र लागते. नाते कितीही जवळचे असले तरी ही नोंद टाळू नये, कारण पुढे पाहुण्याला काही अडचण आली तर तो कुठे राहत होता याचा हाच अधिकृत पुरावा ठरतो.

लॉज नाकारतात त्याचे कारणही बहुधा हेच असते. छोट्या लॉजनी या व्यवस्थेत आपले नाव नोंदवलेले नसते आणि नंतर चौकशीला तोंड द्यावे लागेल या भीतीने ते खोली शिल्लक असूनही नाही म्हणतात. रात्री दहा वाजता बसमधून उतरून दारोदार फिरावे लागणे पाहुण्याला अपमानास्पद वाटते, आणि ते साहजिकच आहे. म्हणून निदान पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवावी आणि ठरवताना, परदेशी पासपोर्टवर खोली देता का, हे फोनवर आपणच मराठीत विचारून घ्यावे.

रेल्वेचे आरक्षणही असेच आधी पाहावे. काही निवडक गाड्यांत परदेशी पर्यटकांसाठी स्वतंत्र कोटा असतो आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व चर्चगेट येथे पासपोर्ट दाखवून त्यातून तिकीट काढता येते.

प्रश्न : वेरूळला आम्ही माणशी ४० रुपये दिले आणि आमच्या पाहुणीकडून ६०० रुपये घेतले. आम्हाला फार संकोच वाटला. हे न्याय्य आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला संकोच समजण्यासारखा आहे. तरीही आम्हाला हा दर अन्यायाचा वाटत नाही. जतनाचा मोठा खर्च येथील लोकांच्या करांतून होतो आणि आपल्याच गावाजवळचे लेणे पाहायला शेतमजुराच्या मुलालाही परवडले पाहिजे. पंधरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य असतो. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या संघटनांतील देशांच्या नागरिकांना भारतीयांइतकेच शुल्क पडते आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असणाऱ्यांनाही भारतीय दर लागू आहे, त्यामुळे पाहुणी यांपैकी कोणत्या गटात बसते का, ते आधी पाहावे. भारतीय तिकिटावर तिला आत नेण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये, कारण दारावर अडवले गेले तर मान तिलाच खाली घालावी लागते. ज्यांना खर्चाची फारच ओढाताण आहे त्यांनी भाजे, कार्ले, कान्हेरी आणि नाशिकची पांडवलेणी यांकडे अधिक वळावे. तेथे परदेशी पर्यटकांचे शुल्क अजिंठा-वेरूळच्या निम्मे आहे.

प्रश्न : माझ्या भाचीची परदेशी मैत्रीण एकटीच फिरणार आहे. आम्ही तिच्यासोबत चालक आणि गाडी द्यायचा आग्रह धरला, पण ती नको म्हणते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तिचे म्हणणे मान्य करावे. दिवसा एसटीने आणि लोकलच्या महिलांच्या डब्यातून प्रवास करणे तिला जमेल, आणि आजूबाजूच्या बायका तिची आपल्याहून अधिक विचारपूस करतील. लेण्यांवर अनोळखी लोक सोबत छायाचित्र काढण्याचा आग्रह करतात. तेथे ठामपणे नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, हे तिला आधी सांगावे, म्हणजे नकार देताना आपण येथील रीत मोडतो आहोत असे तिला वाटणार नाही. संकटात ११२ आणि पर्यटकांच्या चौकशीसाठी १३६३ हे क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये नोंदवून द्यावेत. अजिंठ्याहून परतीची गाडी फाट्यावर रस्त्याकडेला उभे राहून पकडावी लागते आणि थंडीत अंधार लवकर पडतो. त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास लेण्यांतून निघायचे, एवढे एकच बंधन तिच्यावर घालावे.