कोलोनमध्ये दोनच रात्री आहेत. गे बार कुठे शोधू? एकट्याने गेलं तर चालेल का?

खुशाल जा. रुडॉल्फप्लाट्झ स्टेशनला उतरलात की शाफेनश्ट्रास हा रस्ता पायी काही मिनिटांवर. तिथे बारला बार लागून आहेत आणि उन्हाळ्यात निम्मी गर्दी ग्लास घेऊन रस्त्यावरच उभी असते, त्यामुळे ओळख काढायला आत शिरावंही लागत नाही. जुन्या शहरात हॉयमार्क्टच्या आसपासही बार आहेत. तिथे जरा पोक्त मंडळी, मला तेच बरे वाटतात. इथली क्योल्श बिअर २०० मिलीच्या उभट ग्लासात येते. ब्राउहाउसमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर गाळणाऱ्या पारंपरिक बिअरगृहात, बसलात तर वेटर न विचारताच पुढचा ग्लास आणून ठेवतो (पहिल्या वेळी माझी चांगलीच फजिती झाली). पुरे झालं की ग्लासवर बिअरमॅट (ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती) ठेवायचा. सुटे युरो जवळ असू द्या. जुलैच्या सुरुवातीला प्राइडची गर्दी असते, तेव्हा हॉटेल आधीच बुक करा.