आबांच्या ट्रंकेत कुमाऊँचा बिल्ला कसा?

प्रश्न : आमचे आबा गेल्या माघात गेले, १०१ वर्षांचे होते, शेवटपर्यंत महूलाच राहिले. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक पुस्तिका काढायची ठरलंय आणि लिहायचं काम मी घेतलंय. आबा १९४१ साली होळकर लष्करात भरती झाले, १९५९ ला पेन्शनीत निघाले, मग हुकुमचंद मिलमध्ये टाइमकीपर होते, रोज महू-इंदूर अप-डाउन. पण ट्रंक उघडली तर कागद उत्तराखंडातल्या रानीखेतचे आणि बिल्ला कुमाऊँ रेजिमेंटचा! आमच्यात पहाडी कुणीच नाही. कागदावर जन्मतारीख १ जुलै १९२३ आहे, आजी म्हणते दिवाळीतला जन्म. एक स्टार पण आहे, म्हणजे महायुद्धाचं ताऱ्याच्या आकाराचं पदक, फीत पार विटलीये. काका म्हणतात लढाईचंच लिही, पण आबा लढाईवर कधी बोललेच नाहीत. काय करू?
– एक नात, इंदूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कागद अगदी बरोबर आहेत, काळजी करू नका. २८ मे १९४८ ला होळकर, शिंदे वगैरे संस्थानं मिळून मध्य भारत झाला आणि १९५१ मध्ये संस्थानी पलटणी भारतीय सैन्यात घेतल्या गेल्या, तेव्हा इंदूरची पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली आणि १५ कुमाऊँ झाली, तिच्या नावापुढे कंसात इंदूर आजही लिहितात. कुमाऊँचं सेंटर रानीखेतला, म्हणून कागद तिथले. म्हणजे आबा बहुतेक आपल्याच पलटणीत राहिले, वरची पाटी तेवढी बदलली. हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर घ्या, घरातल्या पोरांना इंदूरची स्वतःची पलटण होती हेच माहीत नसेल.

स्टारची फीत विटली तर विटू द्या, मधल्या गोलाभोवती नाव कोरलेलं असतं, बर्मा, आफ्रिका, इटली असं, ते भिंगातून वाचा म्हणजे आबा कुठल्या आघाडीवर होते ते कळेल. फक्त पितांबरी लावून घासू नका, प्लीज. पुढची माहिती हवी असेल तर आर्मी नंबर आणि पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डरची) झेरॉक्स जोडून रानीखेतच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, इंदूरच्या जिला सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर अर्ज कसा करायचा ते सांगतात. उत्तर वर्षश्राद्धाच्या आधी येईलच असं धरून चालू नका.

तारखेचं म्हणाल तर त्या काळी भरतीच्या वेळी वय पुष्कळदा अंदाजानंच लिहायचे. दोन्ही लिहा, कागदावरची १ जुलै आणि आजींची दिवाळी. कागदावरच्या तारखेचा एक उपयोग आहे, ८० पूर्ण झाली की बेसिक पेन्शन २० टक्क्यांनी वाढते आणि शंभर पूर्ण झाली की १०० टक्के, म्हणजे दुप्पट. आबांच्या पासबुकात जुलै २०२३ च्या पेन्शनची एंट्री शोधा आणि त्या पानाचा फोटो छापा. शंभरीचा फोटो तर असतोच सगळ्यांकडे, हे पान फार थोड्या घरांत असेल.

आता काकांचं. मला काकांचं म्हणणं पटत नाही, स्पष्टच सांगते. फौजेत १८ वर्षं, आणि त्यानंतर? पासष्ट वर्षं! ती कुठे जाणार? मीटर गेजच्या गाडीनं वर्षानुवर्षं अप-डाउन करणारा माणूस, डब्यात कुणाशेजारी बसायचा, डबा काय असायचा, गाडी लेट झाली की टाइमकीपरच उशिरा पोचला म्हणून मिलमध्ये काय व्हायचं, हे मला वाचायला आवडेल. आणि क्रिकेटपटू सी. के. नायडू होळकर लष्करातच अधिकारी होते, होळकरांच्या टीमनं रणजी चार वेळा जिंकली, पहिल्यांदा १९४५-४६ ला. त्या वेळचा इंदूरचा शिपाई सीकेंबद्दल घरी काहीच बोलला नाही असं होणं कठीण आहे, आत्यांना विचारून बघा.

लढाईवर बोलले नाहीत तर तसंच लिहा, एका ओळीत, आपल्या मनानं काही भरू नका. माझे मामा फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात होते, मी त्यांना कधी काही विचारलंच नाही आणि ते गेले, अजून लागतं ते मनाला.

तुमच्या आजी आहेत हे किती चांगलं. या रविवारीच महूला जा, ट्रंक त्यांच्यापुढे ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात देत राहा. युद्ध कसं होतं असं विचारू नका. आबांचं पत्र यायचं तेव्हा घरात ते कोण वाचून दाखवायचं, तिथून सुरू करा.