घाट यंदा नको, पळणं मात्र सोडू नका

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. वय 56, बँकेत नोकरी, राहणार सातारा. बरीच वर्षं पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळते आहे. उन्हाळ्यात एकदा वर चढताना छातीत धडधड सुरू झाली आणि घरी येऊनही तास-दोन तास थांबेना. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. नंतर ठोके आपोआप सरळ झाले, पण अधूनमधून पुन्हा होतं. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. बीपीची गोळी आधीपासून चालू होती, आता ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल चालू झालं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एपिक्साबॅनही लिहून दिलंय, पण पडले-बिडले तर रक्त थांबणार नाही या भीतीने मी ते अजून सुरू केलेलं नाही. घरातले म्हणतात, आता पुरे, चालायला जा. सप्टेंबरच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलंय. जरा हळू पळाले तरी घड्याळ मिनिटाला 172 ठोके दाखवतं आणि पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली गोळी घेते. मी पुन्हा पळू शकेन का? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, पळू शकाल. तुमच्यासारख्या बहुतेकांना पळता येतं, आणि बेताने पळणं हा या दुखण्यावरच्या उपचाराचाच भाग आहे. पण सप्टेंबरचा घाट यंदा नको, आणि पहिल्या धावेआधी ती न घेतलेली एपिक्साबॅनची गोळी. आधी गोळीचंच सांगतो, कारण पत्रात तुम्ही पळण्याची काळजी जास्त केली आहे आणि गोळीची कमी. मला त्याच्या उलट वाटतं.

या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे एका तालात आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे मिनिटाला साडेतीनशेहून जास्त संदेश उठतात. मधला एव्ही नोड जकात नाक्यासारखा त्यातले थोडेच खाली सोडतो, तेही वेळीअवेळी. म्हणून नाडी बोटाखाली कुठलाच हिशेब पाळत नाही. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना पक्षाघाताचा धोका नसलेल्यांच्या सुमारे पाचपट असतो. ठोके सरळ झाले, धडधड गेली, तरी हा धोका संपत नाही.

कोणाला गोळी द्यायची, याचा एक गुणतक्ता असतो. रक्तदाब एक गुण, मधुमेह एक, हृदय अकार्यक्षम असणं एक, रक्तवाहिन्यांचा आजार एक, वय 65 ते 74 एक, 75 किंवा पुढे दोन, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन. युरोपातल्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांत दोन गुणांना गोळी द्यावी आणि एका गुणाला द्यायचा विचार करावा, असं आहे. तुमचा रक्तदाबाचा एक गुण. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी घाईघाईत काही लिहून दिलेलं नाही, विचार करूनच दिलं आहे. तुम्हाला ती नकोच असेल तर त्यांच्यासमोर बसून कारण सांगा आणि दोघांनी मिळून ठरवा. घरात पाकीट ठेवून न घेणं, आणि तिकडे डॉक्टरांचा समज की तुम्ही घेताय, ही सगळ्यात वाईट अवस्था.

आता तुमची भीती. खरचटलं तर रक्त थांबतं, नेहमीपेक्षा वेळ लागतो. दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. डोक्याला मार लागला तर मात्र बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायचं आणि 'मी एपिक्साबॅन घेते' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. त्या गोळीचं नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पळताना खिशात ठेवा. मोबाइलला लॉक असतं, चिठ्ठीला नसतं. आणि हो, गुडघ्याची ती गोळी आजच बंद करा. मेडिकलमधून मिळते ती बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. गुठळीच्या औषधासोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शिवाय ती रक्तदाब चढवते. तुमच्या बाबतीत मला घाटात पडण्यापेक्षा या गोळीची काळजी जास्त वाटते. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि गुडघा का दुखतो ते एकदा दाखवून घ्या.

पळण्यानेच हे झालं का, असं तुमच्या घरचे म्हणत असणार. त्यांना स्वीडनचं सांगा. तिथे वासालोपेत नावाची 90 किलोमीटरची स्कीइंगची शर्यत असते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1989 ते 1998 दरम्यान ती पूर्ण केलेल्या बावन्न हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. जे पुन्हा पुन्हा उतरले, त्यांच्यात ठोक्यांचे विकार जास्त आढळले. म्हणजे अतिश्रमाचा संबंध आहे. पण 2019 सालच्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या अभ्यासात याच शर्यतीतल्या स्त्रियांमध्ये एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा कमी निघालं. पुरुषांमध्ये तसं दिसलं नाही. आणि त्याच अभ्यासात ज्या स्कीपटूंना हा विकार जडला, त्यांच्यात पक्षाघात इतर स्कीपटूंपेक्षा जास्त झाले, तंदुरुस्त असूनही. तुमचं पत्र वाचताना मला हे शेवटचंच आठवत राहिलं.

नियमित व्यायामाचा फायदाही तपासला गेला आहे. नॉर्वेत 2016 साली 51 रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा आठवडे नियमित व्यायाम करणाऱ्या गटात विस्कळीत लयीचा वेळ कमी झाला, न करणाऱ्यांच्यात वाढला. पुढे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी 120 जणांवर केलेल्या प्रयोगात, वर्षाअखेरीस विकार परत न आलेले लोक व्यायाम करणाऱ्यांत 40 टक्के होते, दुसऱ्या गटात 20 टक्के. दोन्ही प्रयोग लहान आहेत. पण त्यांचा कल एकाच दिशेला आहे, आणि मी माझ्या रुग्णांना पळू देतो ते याच भरवशावर.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी करून घ्या : थायरॉइडची रक्ततपासणी, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि ट्रेडमिल चाचणी. इको झालं आहे हे उत्तम, कारण आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप अजूनही सापडते आणि तशी झडप असती तर औषधं वेगळी निवडावी लागली असती. आणखी एक विचारायचं आहे. तुम्ही घोरता का? ते यजमानांना विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर त्याने रक्तदाबही वाढतो आणि हा विकारही पुन्हा पुन्हा उसळतो. बायकांच्यात याची चौकशीच कोणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मैदानावर. घाटात नाही, सपाट मैदानावर, आणि सुरुवातीला कोणाला तरी सोबत घेऊन. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं भरभर चालायचं. त्यात धडधड नाही, चक्कर नाही, तर एक मिनिट हळू पळून दोन मिनिटं चालायचं. असं करत करत आठवड्याला थोडं वाढवायचं. वेग घड्याळाने ठरवायचा नाही. मनगटावरचं घड्याळ उजेडाने रक्ताची लाट मोजतं. अनियमित ठोक्यांत काही लाटा मनगटापर्यंत पोचतच नाहीत आणि कधी कधी घड्याळ ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजत बसतं. 172 हा आकडा पळणाऱ्याच्या मिनिटातल्या पावलांच्या इतका जवळ आहे की मला तोच संशय येतो. खात्री करायची असेल तर छातीचा पट्टा लावून बघा किंवा ट्रेडमिल चाचणीत ईसीजीशी ताडून बघा. शिवाय मेटोप्रोलॉल ठोके दाबून ठेवतं, त्यामुळे 220 वजा वय हे कमाल ठोक्यांचं गणित तुम्हाला लागू नाही. पळता पळता पाठ असलेला एखादा श्लोक न अडखळता म्हणता आला पाहिजे. नाही आला तर वेग जास्त आहे.

पाय शिशाचे होणं हे बऱ्याचदा याच मेटोप्रोलॉलमुळे. ते मनाने बंद करू नका, अचानक सोडलं तर ठोके उसळतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला पळायचं आहे. मात्रा, घेण्याची वेळ किंवा औषधच बदलता येतं. पळणाऱ्यांच्या बाबतीत मी अ‍ॅब्लेशनचा विषयही लवकर काढतो. त्यात फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठणारे बेशिस्त संदेश अडवले जातात. सगळ्यांना ते लागतं असं नाही आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, पण आयुष्यभर ठोके दाबणारी गोळी आणि जड पाय एवढाच पर्याय समोर ठेवणं मला पटत नाही.

घाटाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुम्ही सगळ्यात जास्त चिडणार ते इथेच. मी पंचगंगेच्या काठचा माणूस, रंकाळ्याभोवती पळतो, आणि चढ चढून वर पोचण्याची ओढ मला ठाऊक आहे. यवतेश्वरचा चढ श्लोक म्हणत चढता येत नाही, बराच वेळ जोर लावावा लागतो. उतारावर, तेही पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर, पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि शर्यतीत हजारो माणसं सोबत असताना 'आज नको' म्हणून थांबणं फार थोड्यांना जमतं. तुमचे धडधडीचे झटके अजून येताहेत, औषध अजून बसलेलं नाही. काही महिने झटक्यांशिवाय गेले, होल्टर चांगला आला, तर पुढच्या वर्षीच्या घाटाबद्दल बोलू, आणि तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलेन.

पळताना धडधड सुरू झाली तर चालत घरी या. झटका चालू असताना पळायचं नाही. तो थांबला नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एवढ्याशा श्रमात दम लागला तर थेट रुग्णालयात. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करायचा आणि कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवायची. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एपिक्साबॅन घेतलेलं असेल तर ते देता येईल की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगायला हवं. हा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवा.