कायद्याच्या कानाने : गाण्यांतील शब्द आणि आपले हक्क

उत्सवांचा हंगाम संपल्यावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गाण्यांबद्दलच्या तक्रारी दरवर्षीच असतात. यंदा त्यांची संख्या इतकी होती की हे पान त्यांनाच दिले आहे. वारसाहक्क आणि सोसायटीच्या थकबाकीविषयी विचारणाऱ्या वाचकांनी पुढील अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : आमच्या संकुलात नवरात्रात डीजे लावला होता. अष्टमीच्या रात्री जे गाणे लागले, त्यातील शब्द मी येथे लिहू शकत नाही. माझी ७८ वर्षांची आई आरतीचे तबक हातात घेऊन खाली गेली होती, ती तशीच परत आली. पोलिसांना फोन केला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘दहा वाजून गेलेत का?’ गाण्याच्या वेळेला कायदा आहे आणि शब्दांना नाही, असे आहे काय? (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : शब्दांनाही कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याच्या जवळपास, इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील गाणे गाणे किंवा अश्लील शब्द उच्चारणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तिच्या आधीच्या भारतीय दंडसंहितेत हेच कलम २९४ क्रमांकाचे होते. नव्या संहितेत २९४ हा आकडा अश्लील पुस्तकांच्या विक्रीच्या कलमाला मिळाला आहे, त्यामुळे जुन्या सवयीने लिहिलेल्या तक्रारअर्जांत हा घोळ हमखास होतो. अर्ज देण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

मात्र हे कलम वाचायला जितके सोपे, तितके सिद्ध करायला नाही. ‘अश्लील’ कशाला म्हणायचे, येथूनच वाद सुरू होतो. १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८६८ सालची इंग्रजी कसोटी वापरली होती. ज्यांच्या मनावर सहज परिणाम होतो अशांना एखादा मजकूर बिघडवू शकेल का, हे तीत पाहिले जात असे. २०१४ मध्ये न्यायालयाने ती कसोटी बाजूला सारली आणि आजच्या समाजातील सर्वसाधारण माणसाला संपूर्ण कलाकृती कशी वाटते, हे पाहायला सांगितले. २०२४ च्या मार्चमध्ये एका वेब मालिकेसंबंधीच्या निकालात तर असे स्पष्ट झाले की शिवराळ किंवा गलिच्छ भाषा किळसवाणी असली, तरी तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही. आपण ऐकलेले गाणे गलिच्छ होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते अश्लील होते का, हे संपूर्ण गाणे ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्रास प्रत्यक्ष झाला, हेही दाखवावे लागते. तबक घेऊन परत आलेल्या आपल्या मातोश्रींचा जबाब तेथे उपयोगी पडेल. ठिकाणाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. खाजगी सदनिका हे या कलमापुरते सार्वजनिक ठिकाण नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे. संकुलाचे पटांगण कशात मोडते, यावर दोन वकील दोन बाजूंनी बोलू शकतील. कायद्यात ‘गाणे’ आणि ‘उच्चारणे’ ही क्रियापदे आहेत. लॅपटॉपचे बटण दाबणारा डीजेवाला यांपैकी नेमके काय करतो, असा प्रश्नही बचावाचा वकील विचारल्याशिवाय राहणार नाही.

आपल्या फोनवरील हवालदाराचा प्रश्न म्हणूनच मला अगदीच चुकीचा वाटत नाही, फक्त तो अपुरा होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या बंदीइतकेच दिवसाच्या पातळीलाही महत्त्व आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती दहा डेसिबलने ओलांडली गेली तर कोणत्याही वेळी तक्रार करता येते. काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत ही फक्त वेळेची असते, त्या दिवशी आवाज वाढवण्याची मुभा मिळत नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांविषयी जो तपशीलवार निकाल दिला, तो ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर होता. आपण पुढच्या वेळी डेसिबलची तक्रार करावी, असे मी सुचवीन. त्यासाठी गाणे चांगले की वाईट हे कोणालाच ठरवावे लागत नाही. भजन आणि बीभत्स गाणे दोन्हींना मीटर एकच लागतो, आणि पोलिसांच्या हाती कवितेची परीक्षा देण्यापेक्षा मीटर देणे मला केव्हाही अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा दिवसभर कानात हेडफोन घालून रॅप ऐकतो. एकदा मी ते शब्द ऐकले आणि हादरले. चित्रपटांना सेन्सॉर बोर्ड आहे, मग गाण्यांना का नसावे? (एक आई, सीवूड्स, नवी मुंबई)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण उपायाबद्दल माझे मत वेगळे आहे. चित्रपटातील गाणे चित्रपटाबरोबर तपासले जाते. स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणाऱ्या गाण्याला असे मंडळ नाही, आणि कॅसेटच्या काळातही नव्हते. चित्रपटांची पूर्वतपासणी सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात वैध ठरवली. काळोखात बसलेल्या प्रेक्षकावर हलत्या चित्राचा परिणाम इतर कलांपेक्षा खोल होतो, असा विचार त्यामागे होता. तोच तर्क प्रत्येक ओळीला लावायचा तर रोज प्रसिद्ध होणारी असंख्य गाणी, तीही डझनभर बोलींतील, कोणी ऐकायची?

महाराष्ट्राला पूर्वतपासणी नवी नाही. रंगमंचावर येणाऱ्या नाटकाची व लोकनाट्याची संहिता आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी द्यावी लागते. लोकनाट्यात सोंगाड्या बतावणीत ऐनवेळी जे बोलतो, तेच तर प्रेक्षकांना हवे असते, आणि ते कोणत्याही संहितेत नसते. या व्यवस्थेलाच ज्येष्ठ अभिनेते अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले. गायकालाही अशाच रांगेत उभे करावे, असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण एका मराठी माणसाचे आहे. बा. वि. केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि हिंदी चित्रपटगीते त्यांना हिणकस वाटत. आकाशवाणीवर त्या गीतांची वेळ कापण्यात आली, निर्मात्यांशी बिनसले आणि गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांत बुधवारची वाट पाहिली जाऊ लागली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी केलेले काम मोठे आहे, हे नोंदवायला हवे. परंतु सुई फिरवणारा हात त्यांना अडवता आला नाही, आणि आपल्या चिरंजीवांच्या हातात तर सुईहून बरेच काही आहे.

अलीकडे पंजाबात हाच प्रयोग झाला. मद्य, अमली पदार्थ आणि हिंसेचे उदात्तीकरण करणारी गाणी वाजू नयेत, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने बंदुकांचा गौरव करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली. त्यापाठोपाठ केंद्राने खाजगी एफएम वाहिन्यांनाही तशी समज दिली. बंदूक हा तेथे खरोखरच जिवावर बेतणारा विषय आहे, म्हणून मी त्या आदेशांना हसण्यावारी नेणार नाही. तरीही ‘उदात्तीकरण’ हा शब्द इतका सैल आहे की त्यात शिवकालीन पोवाड्यातील तलवारही अडकू शकते.

आता आपल्या घराविषयी. मुलाच्या फोनवरील गाण्याच्या ॲपमध्ये काही गाण्यांपुढे राखाडी चौकोनात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दिसेल. त्याचे मूळ १९८५ च्या अमेरिकेत आहे. तेथील काही राजकारण्यांच्या पत्नींनी गाण्यांच्या शब्दांविरुद्ध मोहीम उघडली, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि कायदा होण्याआधीच ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी लावण्याचे मान्य केले. तीच चिठ्ठी आकसून आज एका अक्षराची झाली आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये अशी गाणी बंद करता येतात. मात्र ते अक्षर गाणे प्रसिद्ध करणारेच लावतात, सरकार नव्हे, आणि मराठी व हिंदी गाण्यांच्या बाबतीत त्यात बराच ढिसाळपणा आहे. त्यामुळे अक्षर नाही म्हणजे गाणे निर्मळ आहे, असे समजू नये. एखादे गाणे मुलासोबत बसून पूर्ण ऐकावे आणि त्याला अर्थ विचारावा. निम्म्या शब्दांचा अर्थ त्यालाही माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून कळव्यात राहतो आणि मराठीत रॅप लिहितो. नवीन गाणे खड्डे, पाणी आणि पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांवर आहे. आई म्हणते, नोकरी लागेपर्यंत टाकू नकोस. मला अटक होऊ शकते का? सोबत गाण्याचे शब्द पाठवले आहेत. (एक गीतकार, कळवा)

उत्तर : आपल्या आईची भीती निराधार नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथ येथे, राजकीय पक्षांतरावर गाणे करणाऱ्या एका मराठी रॅपरवर गुन्हा दाखल झाला होता. त्याआधी २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरामुळे अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्या प्रकारानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द झाले. आणखी मागे जायचे तर नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये एका कवितासंग्रहाच्या प्रकाशनापायी काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. सत्तेला गाण्याची भीती वाटते, ही गोष्ट आपल्या मातीत जुनीच आहे.

परंतु आपल्या हाती आज एक भक्कम निकाल आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीत एक कविता होती, तिच्यामुळे गुजरातमध्ये त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकाल देणाऱ्या खंडपीठात न्या. अभय ओक होते, ज्यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या न्यायालयात केली. शब्दांचा परिणाम खंबीर आणि विवेकी माणसाच्या दृष्टीने जोखावा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या दृष्टीने नव्हे, हे तत्त्व तेथे पुन्हा ठामपणे मांडले गेले. हे तत्त्व मूळचे नागपूरचे, तेथील न्या. व्हिव्हियन बोस यांचे. व्यवहारातही एक गोष्ट पदरात पडली. तीन वर्षे वा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या आरोपांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) नुसार पोलिसांना आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि आरोप बोलण्या-लिहिण्याचा असेल तर तो मार्ग घेणे सामान्यतः योग्य, असे न्यायालयाने म्हटले. पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तर वकिलासह जावे आणि या निकालाची प्रत खिशात ठेवावी.

आता आपला कागद. त्यावर सोळा ओळी आहेत. खड्ड्यांच्या सहा ओळींना कोणी हात लावू शकत नाही, आणि पाण्याच्या टँकरची उपमा तर मला फारच आवडली. नवव्या ओळीत एका व्यक्तीची जात काढली आहे, ती काढून टाकावी. तिच्यामुळे गंभीर गुन्हा होऊ शकतो आणि गाण्याला तिची गरजही नाही. चौदाव्या ओळीत एका नगरसेवकाचे नाव घेऊन त्याने किती पैसे घेतले, याचा आकडा दिला आहे. येथे टीका संपते आणि आरोप सुरू होतो. न्याय संहितेतील अब्रुनुकसानीच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, पण संबंधित व्यक्ती थेट न्यायालयात तक्रार करू शकते, आणि मग यमकासाठी निवडलेला आकडा आपल्याला सिद्ध करत बसावा लागेल. कागदपत्रे असतील तर नाव ठेवा, नसतील तर यमक बदला.

राष्ट्रपुरुषांविषयी लिहिण्याचा विचार असेल तर अधिक जपावे. महात्मा गांधींवरील एक मराठी कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात छापली गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती छापणाऱ्यांना मोकळे केले, पण कवीला खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले, आणि आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना समाजमानाची कसोटी अधिक कडक लागते, असे म्हटले. मला हा निकाल पटत नाही, कारण एकच शब्द कोणाच्या तोंडी आहे यावर त्याची अश्लीलता ठरू लागली तर उपरोधाला जागा उरत नाही. तथापि तो निकाल आहे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुली लावणी करणार होत्या. मुख्याध्यापकांनी शब्द बदलून ‘राया’च्या जागी ‘दादा’ घालायला लावले. हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग नाही का? (एक शिक्षिका, वाशी)

उत्तर : शाळेने आपल्या कार्यक्रमात काय घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार शाळेला आहे. तेरा वर्षांच्या मुलींसाठी दुसरी लावणी निवडा, असे मुख्याध्यापक म्हणाले असते तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. संमेलनाला विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक एवढेच प्रेक्षक असतील तर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार गाणे सादर करण्यासाठी परवानगीही लागत नाही. परंतु त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार, आपल्या रचनेत प्रतिष्ठेला बाधा येईल असा फेरफार झाल्यास गीतकाराला हरकत घेता येते, आणि शृंगाराच्या लावणीत ‘दादा’ घातल्यावर जो अर्थ निघतो, तो मूळ शब्दापेक्षा कितीतरी अधिक आक्षेपार्ह आहे. लावणी जुनी, अनाम शाहिराची असेल तर हरकत घ्यायला कोणी येणार नाही. तरीही तालमीपूर्वी मुख्याध्यापकांना ते कडवे एकदा मोठ्याने वाचून दाखवावे.