परदेशात राहताना नकली ब्रँडची बॅग घेणं चूक आहे का?

हो, नकली आहे हे माहीत असताना घेतली तर चूकच, आणि ‘एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो’ हे कारण मला अजिबात पटत नाही. तुम्ही इटलीत राहता म्हणून आधी कायद्याचं: तिथे नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो. सोलापूरला येताना बहिणीसाठी एखादी आणली, तर भारताच्या २००७ च्या कस्टम नियमांत वैयक्तिक सामानातल्या बिगरव्यापारी वस्तूंना सवलत आहे. त्यामुळे इकडे सहसा कोणी अडवणार नाही.

पण फरक पडतो. आमच्या घरी चादरीचा धंदा आहे, म्हणून ठामपणे सांगतो. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन (म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाला कायद्याचं संरक्षण) आहे, तरी बाहेरगावी विणलेली हलकी चादर याच नावाने सर्रास विकली जाते. दोन धुण्यांत तिचा रंग गेला की गिऱ्हाईक सोलापूरला नावं ठेवतं, आणि इथल्या यंत्रमागावरच्या कामगाराची पाळी कमी होते. बॅग शिवणाऱ्या कारागिराचंही तेच होतं.

मात्र तशाच घडणीची, पण कुणाचं नाव किंवा चिन्ह न लावलेली साधी बॅग असेल तर खुशाल घ्या.