सहा जणांचं टेबल: हॉटेलला काय म्हणायचं, पाहुण्यांना काय लिहायचं

ऐरोलीच्या ऑफिसात लंडनहून पाहुणे येतायत, शनिवारी त्यांना वाशीला जेवायला न्यायचंय, आणि ‘काइंडली बुक वन टेबल फॉर सिक्स मेंबर्स’ बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. वाशीत ते सहज कळेल. मराठीत फोन केलात तरी टेबल मिळेलच. पण लंडनच्या कानाला ‘मेंबर्स’ म्हणजे क्लबाचे सभासद.

सरळ वाक्य असं: ‘आय’ड लाइक टु बुक अ टेबल फॉर सिक्स, धिस सॅटर्डे ॲट एट-थर्टी, प्लीज.’ माणसांना फॉर, वेळेला ॲट, वाराला ऑन. मात्र वाराआधी ‘धिस’ आलं की ऑन गळतं. ‘पर्सन्स’ लागतच नाही. ‘आय वॉन्ट’ हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘आय’ड लाइक’मध्ये आदर आलेला असतो, त्यावर काइंडली आणि सर चढवू नका.

वेळेचा घोळ सगळ्यात महागात पडतो. ‘नेक्स्ट सॅटर्डे’ म्हणजे कुणाला येता शनिवार, कुणाला त्यानंतरचा. म्हणून तारीख जोडाच. ब्रिटिश पाहुणा ‘हाफ सेव्हन’ म्हणाला तर ते साडेसात, साडेसहा नव्हे.

पोचल्यावर ‘वी हॅव अ टेबल बुक्ड अंडर पाटील’ पुरतं. पाम बीच रोडला अडकलात तर आधीच कळवा: ‘वी आर रनिंग फिफ्टीन मिनिट्स लेट. कुड यू होल्ड द टेबल?’

पाहुण्यांना लिहिताना ‘यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड’ नको, ती लग्नपत्रिकेची भाषा. ‘वुड यू लाइक टु जॉइन अस फॉर डिनर ऑन सॅटर्डे?’ एवढं लिहा आणि पुढे लगेच ‘इज देअर एनिथिंग यू डोन्ट ईट?’ विचारा. ‘आर यू व्हेज ऑर नॉनव्हेज?’पेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला, कारण ॲलर्जी, धर्म, आवडनिवड सगळं त्यात येतं. उलट त्यांनी तुम्हाला बोलावलं, तर नुसतं ‘प्युअर व्हेज’ सांगून भागत नाही. तिकडे व्हेजिटेरियन माणूस बहुधा अंडी खातो, म्हणून ‘नो एग्ज आयदर’ स्पष्ट जोडा. जैन जेवण असेल तर कांदा, लसूण, बटाटा ही नावं एकेक करून सांगा. ‘जैन’ एवढंच म्हटलं तर तिथल्या वेटरला बोध होणार नाही.

वेळ बदलायची झाली तर ‘प्रीपोन’ फक्त आपल्याकडे चालतं. ‘कुड वी मेक इट एट इन्स्टेड?’ म्हणा, वेळ अलीकडे आणा नाहीतर पुढे ढकला, वाक्य तेच राहतं.